बारा माणसांचा समूह

भोसरीच्या एमआयडीसीत सीएनसी मशिनवर सुटे भाग करून देणारा एक गाळा माझ्या परिचयाचा आहे. मालक सोडून बारा माणसं, सगळी कामात मुरलेली, पगार पंचवीस-तीस हजारांच्या घरात. मालकांनी काही वर्षांपूर्वी हौसेनं सगळ्यांचा मेडिक्लेम काढला. कामगार, बायको आणि दोन मुलं अशा प्रत्येक कुटुंबाला दोन लाखांचं संरक्षण. हप्ता नव्वद हजारांच्या आसपास, वर जीएसटी. पहिल्या वर्षी एकही क्लेम झाला नाही. दुसऱ्या वर्षी एका ऑपरेटरच्या पत्नीचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या ऑपरेटरला अँजिओप्लास्टी करावी लागली. दोन्ही क्लेम मिळाले, कुठे अडलं नाही. नूतनीकरणाचा आकडा मात्र दोन लाखांच्या पुढचा आला. मालकांनी दोन रात्री हिशेब केला आणि पॉलिसी बंद केली. दोघं आजारी पडले आणि विमा बाराही घरांचा गेला.

लहान उद्योगांच्या समूह आरोग्य विम्याचा सगळा प्रश्न या एका गाळ्यात दिसतो. मालकाची दानत नाही, कामगाराला कळत नाही, विमा कंपनी लुबाडते अशी तीन उत्तरं नेहमी ऐकू येतात. तिन्हींत थोडं तथ्य आहे, पण मूळ दुखणं वेगळं आहे. हा समूह फार लहान आहे.

पुष्कळांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याचा खर्च त्यातून भागवायचा, एवढंच विम्याचं तत्त्व. दहा हजार कर्मचाऱ्यांच्या कंपनीत वर्षाला साधारण किती जण दवाखान्यात भरती होतील हे बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. एखाद्याची बायपास त्या आकड्यात विरघळून जाते. बारा जणांत ती विरघळत नाही. एका वर्षी क्लेम शून्य, पुढच्या वर्षी हप्त्याच्या तिप्पट. आणि समूह पॉलिसीचा दर दर वर्षी त्या समूहाच्या क्लेमकडे पाहून नव्यानं ठरतो. इथेच एक विसंगती आहे, जी फार थोड्या मालकांना ठाऊक असते. तुम्ही स्वतःची वैयक्तिक पॉलिसी काढली आणि क्लेम केला, तर केवळ त्या क्लेमपायी तुमचा हप्ता वाढवायला विमा नियामक प्राधिकरणाची मनाई आहे; वाढवायचा तर त्या योजनेतल्या सगळ्याच ग्राहकांचा वाढवावा लागतो. समूह पॉलिसीला हे कुंपण नाही. म्हणजे बारा जणांच्या गाळ्यात आजारी माणसाचा भार ज्या हिशेबानं अंगावर येतो, तसा तो एकट्यानं काढलेल्या पॉलिसीतही येत नाही. समूहाचं नाव आहे, समूहाची ताकद नाही.

हे असं का झालं, याला थोडा इतिहास आहे. आपल्याकडे मेडिक्लेम 1986 साली सरकारी विमा कंपन्यांनी आणला. 2000 पासून खासगी कंपन्या आल्या. मोठ्या कारखान्यांचा समूह मेडिक्लेम त्या काळात बऱ्याचदा तोट्यात विकला जाई, कारण त्याच कारखान्याचा आगीचा आणि यंत्रांचा विमा ठरीव सरकारी दरानं मिळे आणि त्यात नफा भरपूर असे. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं वसूल होई. 2007 च्या जानेवारीत ठरीव दर उठले, तसा हा व्यवहार आटत गेला आणि समूह मेडिक्लेमला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं. मोठ्यांनी घासाघीस करून दर टिकवले. गाळेवाल्याकडे घासाघीस करायला होतं काय? शेडचा लहानसा आगीचा विमा आणि बारा नावं. तो बाजारात आला तेव्हा त्याच्यापुढे छापील दरपत्रक ठेवलं गेलं, आणि क्लेम झाल्यावर थेट वाढीव आकडा.

लहान उद्योगांसाठी खरा मोठा समूह आधीपासून आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त तिटकारा लहान मालकांनाच आहे, हे मला फार खटकतं. तो म्हणजे कामगार राज्य विमा, आपल्या बोलण्यातली ईएसआय. 1943 साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला गेला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. 1944 मध्ये अहवाल आला, 1948 मध्ये कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ती सक्तीची आहे. 2017 च्या जानेवारीपासून महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार तिच्यात येतात. 1 जुलै 2019 पासून वर्गणीही कमी झाली: मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. 18,000 पगाराच्या माणसामागे मालक महिन्याला 585 रुपये भरतो, कामगार 135.

या 720 रुपयांत काय मिळतं ते बाजारातल्या कुठल्याही मेडिक्लेमशी ताडून पाहावं. कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार, आणि त्याला दोन लाख, पाच लाख अशी मर्यादा नाही. आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा नाही. वयावरून वर्गणी वाढत नाही. आजारपणात घरी बसावं लागलं तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम. क्षयरोग, कर्करोगासारख्या लांबणाऱ्या आजारात ठरावीक अटींवर दोन वर्षांपर्यंत 80 टक्के. कामावर अपघात झाला तर 90 टक्के. प्रेस मशिनखाली बोट गेलेल्या माणसाला मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देईल. बंद झालेला पगार तो देत नाही. बाळंतपणाचा मुद्दा तर याहून महत्त्वाचा. 26 आठवड्यांच्या रजेचा पगार मालकावर पडेल या धास्तीनं लहान गाळ्यांत बायकांना कामावर घेण्याचं टाळलं जातं. ईएसआयमध्ये असलेल्या स्त्री कामगाराचा तो पगार ईएसआयचं महामंडळ देतं, मालक नाही. हे कितीतरी मालकांना आजही माहीत नाही.

मग तिटकारा का? कारण दवाखाना. महाराष्ट्रात पैसा बहुतांशी महामंडळाचा, खर्चाची वाटणी सातास एक, आणि बरेचसे दवाखाने व रुग्णालयं चालवायची राज्य सरकारनं. दोघांच्या मध्ये रिकाम्या जागा, न आलेली औषधं आणि रेफरलच्या चिठ्ठीसाठी गेलेला दिवस. 2018 च्या डिसेंबरात अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागून रुग्ण दगावले, तेव्हा या व्यवस्थेकडे किती दुर्लक्ष झालं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. हातावर पोट असलेल्या माणसाला दवाखान्याच्या तीन खेपा म्हणजे तीन खाडे. ही तक्रार खरी आहे आणि तिची तड लागलीच पाहिजे.

पण या तक्रारीच्या आडोशानं जे चालतं ते मान्य होण्यासारखं नाही. मस्टरवर नऊच नावं ठेवायची, दहावा कंत्राटदाराचा दाखवायचा; एकाच शेडमधली तीन मशिनं पत्नीच्या नावाच्या दुसऱ्या फर्मला लावायची. वाचतात ते माणशी पाच-सहाशे रुपये. जातं ते अमर्याद उपचार, अपघातातला पगार आणि त्यात मृत्यू झाल्यास वारसांची पेन्शन. आणि अपघात झालाच, तर नुकसानभरपाईच्या तरतुदींखाली सगळी रक्कम मालकाच्याच बोकांडी बसते. उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या कामगाराचा यात आणखी एक तोटा होतो. त्याचं कुटुंब गावी राहत असलं तरी ईएसआयच्या कार्डावर त्यांना तिकडच्या दवाखान्यात उपचार घेता येतात. मस्टरवर नाव नसलं की तेही गेलं.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनांना मालक आणि बहुसंख्य कामगारांच्या संमतीनं स्वेच्छेनं ईएसआयमध्ये येण्याची वाट तिच्यात ठेवलेली आहे. धोक्याच्या कामात एकच कामगार असला तरी सरकार अधिसूचना काढून ती लागू करू शकतं. सहा माणसांच्या पेंटिंगच्या किंवा प्लेटिंगच्या गाळ्याला विमा बाजारात कुणी दारात उभं करत नाही. त्याच्यासाठी ही वाट फार मोलाची आहे.

ईएसआयची खरी त्रुटी 21,000 च्या रेषेवर आहे. ही रेषा 2017 पासून जागची हललेली नाही. दरम्यान पगार वाढले, महागाई वाढली. चांगला वेल्डर, टर्नर, मशिन ऑपरेटर आज सहज ही रेषा ओलांडतो. वर्गणीचे कालखंड दोन, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच पगार वाढला तर तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, नंतर थांबते, आणि पुढे काही महिन्यांनी संरक्षणही संपतं. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर दीड हजारांची पगारवाढ मिळालेला माणूस त्या वाढीपायी कुटुंबाचा विमा घालवून बसतो. मालकानं कौतुकानं दिलेली वाढ आणि घरी मधुमेहाची आई. अशा वेळी कामगारच येऊन म्हणतो, "साहेब, पगार वीस हजार नऊशेच दाखवा." हे बोलणं मी कानांनी ऐकलं आहे. नीती आयोगानं 2021 च्या ऑक्टोबरात ज्यांना 'मिसिंग मिडल' म्हटलं, सरकारी योजनेत पुरेसे गरीब नाहीत आणि बाजारातून घेण्याइतके सुस्थित नाहीत असे देशातले सुमारे 30 टक्के लोक, त्यांत हा ऑपरेटर मोडतो.

या रेषेवरच्या माणसांसाठी समूह मेडिक्लेम हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याचा मोठा गुण असा की आधीचे आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरले जातात. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं (2024 च्या एप्रिलपूर्वी ही मुदत चार वर्षांची होती), आणि पंचेचाळिशीतल्या मधुमेही माणसाला कंपनी दारातूनही परत पाठवू शकते. सात नावं असली की बहुतेक कंपन्या समूह म्हणून विचार करतात. काही कंपन्या पीएफचं चलन मागतात, आणि ते बरोबरच आहे; कारण नात्यातल्या आजारी माणसाचं नाव कामगार म्हणून घुसवण्याचे प्रकार होतात आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी खऱ्या कामगारांना मोजावी लागते.

पॉलिसी घेताना मालकाचं लक्ष हप्त्यावर असतं. ते खोलीच्या भाड्याच्या अटीवर असायला हवं. दोन लाखांच्या पॉलिसीत भाडं एक टक्का, म्हणजे दिवसाला 2,000 रुपये. कामगाराच्या घरच्यांनी गडबडीत 4,000 ची खोली घेतली, तर कापले जातात ते फक्त वरचे 2,000 नव्हेत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च असं खोलीच्या दर्जाबरोबर वाढणारं सगळं निम्म्यावर येतं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावायची नाही, असा नियम आहे, पण उरलेलं बिलही कामगाराचं कंबरडं मोडायला पुरतं. पिंपरी-चिंचवडात 2,000 रुपयांत एकट्याची खोली मिळणं अवघड. म्हणून सांगणं असं, की विमा रक्कम थोडी कमी चालेल, भाड्याची अट मात्र सैल करून घ्यावी. आणि पॉलिसी आल्यावर कामगारांना एकत्र बसवून ही एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीत नीट समजावून सांगावी.

दुसरी चूक नावांच्या यादीची. नवा कामगार लागला, कुणाचं लग्न झालं, कुणाला मूल झालं, की ठरलेल्या मुदतीत नाव कळवावं लागतं. मोठ्या कंपनीत त्यासाठी माणूस असतो. गाळ्यात मालकच खरेदी बघतो, डिस्पॅच बघतो, बँकेत जातो, आणि नाव राहून जातं. कंपनीकडे ठेवलेली अनामत संपली म्हणूनही नाव चढत नाही. हे कळतं ते थेट हॉस्पिटलच्या काउंटरवर. कॅशलेसची परवानगी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी, असं नियामकानं 2024 च्या मे महिन्यात ठरवून दिलं. पण यादीतच नाव नसेल तर तो नियम काय कामाचा? नोकरी सोडणाऱ्याचंही असंच. समूहातून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि प्रतीक्षेचा घालवलेला काळ धरला जातो. हा हक्क आहे. निवृत्तीला आलेल्या माणसाला तो वेळेवर सांगणं हे मालकाचं काम आहे.

आई-वडिलांचा प्रश्न अवघड आहे आणि त्याचं सोपं उत्तर नाही. त्यांना घेतलं की हप्ता दुप्पट-अडीचपट होऊ शकतो, पुढच्या वर्षीचे क्लेमही तिथूनच येतात. नाही घेतलं तर कामगार म्हणतो, मला विमा हवा आहे तो त्यांच्यासाठीच. माझं मत असं की बारा जणांच्या पॉलिसीत आई-वडील घालू नयेत. त्यांच्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आणि सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान कार्डाचा आधार घ्यावा. महात्मा फुले योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंत आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची जुनी अडचण राहिलेली नाही. ती यादीतल्या उपचारांपुरतीच आणि ठरावीक रुग्णालयांतच चालते, हे खरं. तरी हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशी म्हातारपणाला गाठणारी मोठी दुखणी त्या यादीत आहेत. गाळ्यातल्या प्रत्येक कामगाराच्या घरची कार्डं काढून घ्यायला एक शनिवार पुरतो.

आता कराबद्दल, कारण इथे सरकारची चूक उघड आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. समूह विम्यावर 18 टक्के तसाच राहिला. मोठ्या कंपनीला ते झेपतं. गाळेवाला नव्वद हजारांवर 16,200 रुपये कर भरतो, आणि कायद्यानं सक्ती नसलेल्या आरोग्य विम्यावरचा हा कर त्याला आपल्या विक्रीच्या करातून वळताही करून घेता येत नाही. स्वतःपुरता विमा घेणाऱ्याला माफी आणि बारा कुटुंबांचा घेणाऱ्याला दंड, असा हा न्याय झाला. निदान लहान उद्योगांच्या समूहांना तरी ही माफी मिळायलाच हवी. कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत, 15 एप्रिल 2020 च्या आदेशात, कामं पुन्हा सुरू करताना कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा असल्याचं केंद्र सरकारनंच म्हटलं होतं. ती निकड महिन्या-दोन महिन्यांत विसरली गेली.

कर गेला तरी बाराचे बाराशे होणार नाहीत. त्यासाठी गाळ्यांनी एकत्र यायला हवं, आणि हे महाराष्ट्रानं पूर्वी करून दाखवलेलं आहे. माथाडी कामगार आज या पेढीवर पोती उचलतो, उद्या त्या गोदामात. त्याचा एक असा मालक नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा कायदा आला, मंडळं झाली, शेकडो व्यापाऱ्यांनी मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, वैद्यकीय मदत द्यायची अशी घडी बसली. लहान-लहान मालकांचा मोठा समूह कसा बांधावा याचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कचरावेचकांना तर मालकच नव्हता. तिथे 2002-03 पासून महापालिकेनं त्यांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता उचलला.

नियम सांगतो, केवळ विम्यासाठी जमवलेला समूह चालत नाही. आधीपासून दुसऱ्या कामासाठी एकत्र असलेली संघटना चालते. भोसरी, सातपूर, अंबड, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत अशा संघटना वर्षानुवर्षं आहेत. रस्ते, वीज, पाणी, फायर टॅक्स यांसाठी त्या भांडतात. अशा संघटनेचे दोनशे गाळे धरा. बारा-बारा माणसांचे 2,400 कामगार आणि कुटुंबांसह साडेनऊ हजारांवर माणसं. इतक्या लोकांत एक अँजिओप्लास्टी कुणाचा हप्ता दुप्पट करत नाही. विमा कंपन्यांना भीती असते ती, ज्यांच्याकडे आजारी माणूस आहे तेवढेच गाळे येतील याची. तिच्यावर उपाय आहे: जो गाळा येईल त्यानं 21,000 च्या मर्यादेवरची सगळी माणसं घालायची, प्रवेशाची तारीख वर्षातून एकच, आणि एकदा आत आल्यावर तीन वर्षं बाहेर पडायचं नाही. नावं चढवण्या-उतरवण्यासाठी संघटनेच्या कार्यालयात एक माणूस पगारावर ठेवावा. दोनशे गाळ्यांत त्याचा पगार वाटला तर कुणाला जाणवणारही नाही, आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर रात्री फोन उचलायला कुणीतरी असेल.

हे काम सरकार करणार नाही आणि एकट्या गाळ्याला जमणार नाही. हा लेख वाचणाऱ्या गाळेमालकांना विनंती आहे. आपल्या संघटनेच्या येत्या वार्षिक सभेसाठी हा विषय लेखी द्या, आणि सोबत आपल्याकडच्या 21,000 वरच्या प्रत्येक कामगाराचं नाव, वय आणि घरातल्या माणसांची संख्या लिहून न्या. दर मागायला विमा कंपनीला पहिल्यांदा लागते ती हीच यादी.